मस्कीचा लूअर घरी बनवताय? आधी भोकांचं बघा

मागच्या ऑक्टोबरात अमेरिकेत मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर माझ्याच हाताने बनवलेल्या 8 इंची ग्लायडरवर, म्हणजे डावीकडे-उजवीकडे घसरत पोहणाऱ्या लाकडी लूअरवर (नकली माशावर), मस्की लागली, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. होडीच्या अगदी कडेला, रॉडचं टोक पाण्यात घालून लूअर आठच्या आकड्यात फिरवत होतो तेव्हा, दुसऱ्या वळणावर. तिने दोनदा डोकं झटकलं आणि लाइन एकदम ढिली. लूअर परत आला, पण शेपटीकडचा स्क्रू-आय (हुक अडकवायचा, डोक्याला कडी असलेला स्क्रू) गायब आणि त्याला लटकलेला ट्रेबल हुकही गायब. मासा सुटल्याचं मला काही नाही, दहा हजार कास्टला (लूअर फेकण्याला) एक मस्की म्हणतात ते उगाच नाही, सवय झालीय. पण ती तोंडात तीन टोकांचं लोखंड घेऊन गेली आणि ते माझ्या आळसामुळे, हे अजून डोक्यातून जात नाही. घरी येऊन लूअर करवतीने उभा चिरला. बाहेरून इपॉक्सीचे तीन कोट, आरशासारखा चकचकीत. आत स्क्रूच्या भोवतीचं लाकूड काळं, ओलं, नखाने उकरलं तरी निघत होतं. का, तर रंगाच्या आधी लाकूड सील केलं होतं पण ड्रिल केलेली भोकं आतून सील केली नव्हती. भोकं. हा शब्द खाली बऱ्याच वेळा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

मिनेसोटात मस्कीचा सीझन जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, म्हणजे हे सगळं काम हिवाळ्यात गॅरेजमध्ये. पण फेब्रुवारीत गॅरेजमध्ये इपॉक्सी लावायची नाही, थंडीत ती नीट सेट होत नाही, चिकट राहते. कापणं-घासणं गॅरेजमध्ये, सीलर-इपॉक्सी घरात, आणि घरातल्यांना त्याची आधीच कल्पना द्या. मी दिली नव्हती, तो विषय वेगळा.

सामानाचं पटकन सांगतो. करवत, कानस, पॉलिश पेपर, ड्रिल हे असणारच. मास्क घ्या, सीडरचा भुसा छातीला वाईट. लाकूड: पहिल्यांदा करणाऱ्याने सीडर किंवा बासवुड घ्यावं, हलकं आणि मऊ, चूक झाली तर फेकायला वाईट वाटत नाही. मेपल जड आणि टणक, ग्लायडरला मस्त, त्याला वजनासाठी शिसंही कमी लागतं, पण त्यात छोट्या भोकात जोर लावून स्क्रू-आय फिरवला की मान मोडून आतच राहतो, मग बसा उकरत. त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर भोकाचं माप आधी करून बघा, म्हणजे झालं.

स्क्रू-आय मस्कीसाठी जाड तारेचेच, .092 इंच स्टेनलेस, आणि लांब. हार्डवेअरच्या दुकानात कप लटकवायचे पितळी आकडे मिळतात त्यांच्याकडे बघूही नका. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. पोटाचा स्क्रू लाकडाच्या रेषांना आडवा जातो, तो घट्ट धरतो. नाकाचा आणि शेपटीचा स्क्रू रेषांच्या दिशेनेच आत जातो, तिथे पकड मुळातच कमी असते. आणि नेमकी तिथूनच लाकूड पाणी सगळ्यात जास्त पितं, कारण झाडाच्या नळ्यांची तोंडं तिकडेच उघडी असतात. म्हणजे जिथे पकड कमी तिथेच ओल जास्त, आणि मोठी मस्की ओढणार तीही तिथेच. माझा शेपटीचा स्क्रू गेला, पोटाचा अजून पक्कडीने हलत नाही. यावरून काय ते समजा. ज्यांना यात पडायचंच नाही त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार घालावी, मग लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. पण त्या तारेच्या भोकालाही सीलर लागतो. तारवाले लोक इथे हमखास गाफील राहतात.

ठोकळा चौकोनी असतानाच सगळी भोकं पाडून घ्या आणि क्रँकबेट (तोंडाशी लिप, म्हणजे पाण्यात खाली नेणारी चपटी पट्टी असलेला लूअर) करत असाल तर लिपची खाचही तेव्हाच कापा. एकदा गोलवा आला की ड्रिल सरळ धरायला सपाट बाजूच राहत नाही आणि लिप तिरकी बसली की लूअर आयुष्यभर एका बाजूला पळतो. पहिल्या दोन लूअरना मी हे उलटं केलं, दोन्ही आता कपाटाच्या खुंट्या आहेत.

हुक कुठे येणार ते भोकं पाडायच्या आधी कागदावर लूअरचा खराखुरा आकार काढून, त्यावर खरे हुक ठेवून बघा. 5/0 मापाचे दोन ट्रेबल एकमेकांना पोचता कामा नयेत, पोचले तर प्रत्येक तिसऱ्या कास्टला गुंतणार. पुढचा हुक नाकाच्या स्क्रूला, म्हणजे तिथे बांधलेल्या लीडरला (लाइन आणि लूअरमधल्या दातांना न तुटणाऱ्या जाड तुकड्याला), पोचता कामा नये.

आता शिसं. पोटात भोकं पाडून त्यात शिशाचे तयार सिंकर घालायचे. लोक शिसं वितळवून ओततात, मी नाही करत, तुम्हीही करू नका, लाकडात जरा ओल असली की वाफ होऊन गरम शिसं तोंडावर उडतं. स्वयंपाकघरात तर अजिबात नको, आणि हात लावल्यावर हात धुवा. किती घालायचं हे पाण्यातच कळतं, बादलीत किंवा बाथटबमध्ये. टेस्टला सगळं सामान लावून टाका, हुक, रिंगा, लिप, सगळं, आणि सिंकर आधी बाहेरून रबरबँडने बांधून पुढे-मागे सरकवत बघा. लूअर आडवा, हळूहळू बुडाला पाहिजे, नाक किंवा शेपूट आधी नको. नंतर रंग आणि इपॉक्सीचं वजन वाढणार आहे ते धरून थोडं कमीच ठेवा, नाहीतर नाकापेक्षा मोती जड. आणि पाणी कोमट घेऊ नका. थंड पाणी जड असतं, बाथटबच्या कोमट पाण्यात जो लूअर मधोमध थांबतो तो ऑक्टोबरच्या तळ्यात हळूच वर येतो.

या टेस्टच्या आधी लाकडाला सीलरचा एक हात द्या, नाहीतर टेस्ट करतानाच लाकूड पाणी पितं आणि तुम्ही मापताय काय हेच कळत नाही. एक हात म्हणजे भोकांतूनही. हो.

सीलर. इथे बसा जरा.

मी पॉलियुरेथेन मिनरल स्पिरिटमध्ये अर्धं-अर्धं पातळ करतो, अख्खा लूअर त्यात बुडवून ठेवतो, काढतो, टांगतो, वाळवतो, परत बुडवतो. तीनदा. काहीजण उकळलेलं जवसाचं तेल वापरतात, चालतं, फक्त तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते, खरंच घेते, बाहेर पसरून वाळवा. काहीजण पातळ सुपरग्लू ओततात, तेही चालतं. काय लावता याला महत्त्व नाही. कुठे लावता याला आहे.

मी मागच्या वेळी काय केलं होतं ते ऐका. ब्रशने सीलर लावला. ब्रश भोकात जात नाही. भोकाच्या तोंडावर सीलरचा पातळ पडदा धरला, वरून बंद दिसलं, मी खुश. मग त्यातच स्क्रू फिरवला, पडदा फुटला, आत कोरडं कच्चं लाकूड. वरून इपॉक्सी. ऑगस्टमध्ये वापरायला सुरुवात केली, हुक पोटावर-शेपटीवर घासून घासून इपॉक्सीला ओरखडे पडतात, सगळ्यांच्या लूअरला पडतात, आणि स्क्रूच्या गळ्याशी केसाएवढी चीर पडली. पाणी तिथून आत. मला सप्टेंबरमध्येच लक्षात यायला हवं होतं, कारण आधी आडवा बुडणारा लूअर शेपटीकडून बुडायला लागला होता. मी म्हटलं वा, वेगळीच ॲक्शन (पोहण्याची लकब) आली. ॲक्शन कसली, पाणी पीत होता तो.

तर भोकांसाठी वेगळं सामान आधीच काढून ठेवा: इंजेक्शनची बिनसुईची सिरिंज किंवा ड्रॉपर, टूथपिक, कानात घालायचे कापसाचे बड. सिरिंजने प्रत्येक भोक सीलरने काठोकाठ भरायचं. लाकूड ते पितं, पाच मिनिटांत पातळी खाली जाते. परत भरायचं. पिणं थांबेपर्यंत. मग उलटा धरून जास्तीचं काढायचं आणि बडने आतून फिरवून पुसायचं, गोळा राहिला तर स्क्रू बसणार नाही. वाळू द्यायचं. परत. लिपच्या खाचेलाही हेच, शिशाच्या भोकांनाही हेच. मोजून ठेवा, कागदावर लिहा: नाक 1, पोट 1, शेपूट 1, शिसं 3, खाच 1. सील केलं की खूण. मला वेडा म्हणा. माझ्या भिंतीवर तो कागद चिकटवलाय.

सीलर पूर्ण वाळला का हे वासावरून कळतं. नाकाशी धरा, स्पिरिटचा वास येतोय म्हणजे नाही वाळला. भोकाचा वास घ्या, वरचा नाही. वरचा दोन दिवसांत जातो, भोकातला आठवडाभर राहतो. घाई केली की पुढची इपॉक्सी धरत नाही.

मग स्क्रू. भोकात टूथपिकने इपॉक्सी, स्क्रूच्या आट्यांना इपॉक्सी, फिरवत आत, बाहेर आलेली पुसून टाका. एक दिवस हात लावू नका. मग स्क्रूच्या कडीत दोर घालून, दुसरं टोक कशाला तरी बांधून, अंग टाकून ओढा. 80-100 पाउंडाच्या विणलेल्या लाइनवर आपण मासे खेळवतो, घरात निघाला तर बरंच आहे की. माझा घरात नसता निघाला, तेव्हा लाकूड कोरडं होतं. म्हणून ही टेस्ट पास झाली म्हणजे भोकं सील आहेत असं समजू नका. दोन वेगळ्या गोष्टी.

विकतच्या लूअरमध्ये फेरफार करणाऱ्यांनाही सांगतो, तुम्ही सुटला नाहीत. वजन वाढवायला पोटाला ड्रिल मारलं, शेपटीला रबर लावायला जास्तीचा स्क्रू घातला, हुकची जागा बदलली, की कंपनीचं सील तुम्ही फोडलंत. जुनं रिकामं भोकही बुजवायचं असतं. नुसतं वजन हवं असेल तर भोक पाडूच नका, हुकच्या दांडीला शिशाची तार गुंडाळा, काम होतं. बकटेलमध्ये (तारेवर फिरत्या पात्या आणि केसांचा झुपका असलेल्या लूअरमध्ये) लाकूडच नाही, तिथे बिनधास्त खेळा, 10 नंबरच्या दोन पात्या, फ्लॅशाबू (चमकत्या झिरमिळ्या), काय हवं ते. फक्त तारेचं वेटोळं नीट बंद करा.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर जगभर लिहिलेलं आहे आणि माशाला त्यातलं निम्मंही कळत नसावं. ॲक्रिलिक, एअरब्रश असेल तर बरं, नाहीतर स्प्रे कॅन. खवल्यांसाठी कांद्याच्या पिशवीची जाळी ताणून वरून स्प्रे. पर्च माशासारखे उभे पट्टे किंवा मिल लॅक्सच्या टुलिबी माशासारखं चंदेरी पोट, झालं. प्रत्येक कोट हेअर ड्रायरने वाळवा. डोळे चिकटवा.

वरची इपॉक्सी सावकाश सेट होणारी घ्या आणि लूअर सतत फिरता ठेवायची सोय आधी करा, बार्बेक्यूची जुनी मोटर चालते, नाहीतर सगळं ओघळून पोटाला थेंब. गॅरेजमधला गार लूअर उचलून गरम खोलीत लगेच इपॉक्सी लावू नका, आतली हवा फुगून बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे नंतरचं एक भोक. रात्रभर खोलीत ठेवा. दोन कोट. स्क्रूच्या गळ्याशी थोडी जास्त.

हुक धारदार, स्प्लिट रिंगा (हुक स्क्रूला जोडणाऱ्या, किल्लीच्या कडीसारख्या) जाड. विकतच्या लूअरच्या रिंगा जरा पातळ वाटल्या तरी बदला.

होडीवर हुक कापायचा कटर, लांब पक्कड, मोठी जाळी, फ्लुरोकार्बन लीडर. कटर हाताशी, बॅगेत तळाशी नाही. मासा पाण्यातच ठेवून हुक कापा आणि सोडा. आमच्या वेंगुर्ल्याच्या खाडीत आम्ही गरवायला जायचो तेव्हा सोडणं वगैरे प्रकार नव्हता, आईला पहिल्या मस्कीचा फोटो पाठवला तर फोनवर म्हणाली, "मेल्या, येवढो मोठो मासो सोडलंस? मग फोटो कित्याक धाडलंस?" काय उत्तर देणार. इथे बहुतेक तळ्यांत 54 इंचांच्या आतली ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठी मी कधीच ठेवणार नाही.

शेवटचं एक, हे मी यंदापासून करतोय. लूअर तयार झाला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, हुक-रिंगांसकट. चार-पाच ट्रिपनंतर हुक-रिंगा त्याच ठेवून, बाहेरून कोरडा पुसून परत काट्यावर. वजन वाढलं असेल तर आत पाणी गेलंय, कुठल्या तरी भोकातून, आणि तो लूअर कितीही चांगला पोहत असला तरी बॉक्समध्ये परत जायचा नाही.