फिगर स्केटिंग बघायला जाताय? आधी जागा बघा

महिलांच्या फिगर स्केटिंगचं, म्हणजे बर्फावर संगीताच्या तालावर घसरत उड्या-गिरक्या घेण्याच्या खेळाचं, महागडं तिकीट काढूनही बऱ्याचदा खेळाडूची पाठच दिसत राहते.

१. तिकीट काढताना नकाशात परीक्षकांची बाजू शोधा आणि तिकडचीच जागा घ्या. बरेच हावभाव परीक्षकांकडे तोंड करून बसवलेले असतात.

२. पहिली रांग टाळा. कठड्याआड पाय झाकले जातात, आणि खरी गंमत तर पायांतच! लुट्झ ही उडी बुटाखालच्या ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते; तिच्याआधी ब्लेड त्या कडेवर टिकतं की ऐनवेळी आत कलतं, हे थोडं वरून स्वच्छ दिसतं.

३. स्वेटर, मोजे हवेतच. बसायला घडी घातलेली शाल न्या.

शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे स्पर्धेतली पहिली, छोटी फेरी, प्रत्येकीची जेमतेम २ मिनिटं ४० सेकंदांची, तेवढ्यात अजिबात उठू नका. चहापाणी बर्फ सारखा करणारी गाडी फिरते तेव्हा. फ्लॅश मात्र कधीच नको, उडी घेणारीचे डोळे दिपतात.