बाबांच्या फोनचं अपडेट थांबलं, तेव्हा मी काय केलं

बाबांचा फोन २०२० च्या दिवाळीतला. काचेवर एक चरा नाही, बॅटरी अजून संध्याकाळपर्यंत पुरते. पण आतलं अँड्रॉइड १० वर जे थांबलं ते थांबलंच. अपडेट तपासायला गेलं की हिरवी खूण येते, 'तुमचा फोन अद्ययावत आहे', आणि खाली तारीख ५ फेब्रुवारी २०२२. मला या हिरव्या खुणेचा मनापासून राग येतो. यापुढे अपडेट येणार नाही, एवढं तरी सरळ लिहा ना!

बाबा म्हणतात, "अगं, चांगला चालतोय की, नवा कशाला?" त्यांचं बरोबर आहे. म्हणून साताऱ्याला गेले तेव्हा दोन तास फोन घेऊन बसले.

आधी तारखा बघा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप केलं की दोन तारखा सापडतात (काही फोनमध्ये त्या 'सिक्युरिटी'खाली असतात). एक सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्तीची. तो पॅच फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हातात, तो विषय संपला. दुसरी 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट'ची, ते मात्र गूगलकडून थेट येतं. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे. त्यावर टॅप करा, काही आलं तर उतरवून घ्या आणि फोन बंद करून चालू करा.

मग प्ले स्टोअरमध्ये क्रोम आणि 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' ताजे करा. दुसऱ्या ॲपच्या आत एखादं वेबपान उघडतं ते बहुतेक वेळा या वेबव्ह्यूमधून. फसव्या लिंका अशाच वाटेने येतात, त्यामुळे सिस्टिम जुनी असली तरी ही दोन जुनी राहता कामा नयेत. तुमच्याकडे अँड्रॉइड ८ किंवा ९ असेल तर क्रोम १३८ वर थांबलंय, १३९ ला किमान १० लागतं. त्या फोनवर बँकेचं काहीही ठेवू नका.

बाबांच्या फोनवरही मी पेन्शनचं खातं यूपीआयमधून काढलं आणि भाजी-दुधापुरते पैसे असलेलं दुसरं खातं जोडलं. दोन तासांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

संथपणावर एक उपाय आहे. 'अबाउट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, पिन टाका, की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. त्यात ॲनिमेशन स्केल (स्क्रीन उघडता-मिटताना दिसणाऱ्या हालचालीचा वेळ) नावाच्या तीन ओळी आहेत, तिन्ही १ वरून ०.५ वर आणा. बाकी कशाला हात लावू नका. बाबांनी नातीचा फोटो उघडला, बंद केला, परत उघडला. म्हणाले, "आता लगेच येतोय." व्हॉट्सॲपच्या 'मॅनेज स्टोरेज'मधून अनेक वेळा फॉरवर्ड झालेले व्हिडिओही काढून टाकले.

सिस्टिमच बदलायची असेल तर लिनिएजओएस आहे, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली, कंपनीच्या सिस्टिमऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम. माझ्या स्वतःच्या जुन्या फोनवर ते मी टाकलंय आणि फोनला खरंच नवं आयुष्य मिळालं. पण त्यांच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल हवं, मिळतंजुळतं चालत नाही. ते टाकण्याआधी बूटलोडरचं (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) कुलूप उघडावं लागतं आणि त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप. नंतर बँकेची बरीच ॲप चालायला नकार देतात. म्हणून बाबांच्या फोनवर मी ते केलं नाही.

नवा घ्यायची वेळ आलीच तर कॅमेऱ्याआधी विचारा, अपडेट किती वर्षं? गूगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षांचा शब्द दिला आहे. स्वस्त मॉडेलांना पुष्कळ कमी मिळतात. आणि ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळत असेल, तर त्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात.