चालण्याचा व्यायाम: वेग कसा धरावा, पाय कुठे बिघडतात

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे गर्दी असते, पण त्यातले पुष्कळजण गप्पा मारत फिरत असतात. मन मोकळं होतं, व्यायाम मात्र बेताचाच होतो. तो घडायचा तर मिनिटाला साधारण 100 पावलं पडायला हवीत. घड्याळ लावून 15 सेकंदांची पावलं मोजा. 25 भरली पाहिजेत. या वेगात बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही.

आठवड्याला 150 मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. दहा हजार पावलांचा आकडा 1960 च्या दशकातल्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्रावरून रूढ झाला. तो गाठलाच पाहिजे असं नाही.

मधुमेह असेल तर जेवणानंतरची 10-15 मिनिटं सोडू नका. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर ती कमी चढते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर फार उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोज ठेवा. घाम फुटला, हात थरथरले की थांबून लगेच खा.

वजनाबाबत फार आशा नको. 65 किलोच्या माणसाचे 3 किलोमीटरमध्ये जेमतेम दीडशे कॅलरी खर्च होतात. ट्रॅकवरून थेट मिसळीच्या टेबलावर गेलात तर हिशेब उलटलाच.

सुरुवातीला नडगी दुखते, कारण वेगासाठी लोक लांब ढांगा टाकतात आणि टाच शरीराच्या फार पुढे आपटते. पावलं लहान ठेवा, भरभर टाका, हात कोपरात वाकवून हलवा. सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाच दुखत असेल तर बूट उलटा करून पाहा. तळ एका बाजूने झिजला असेल तर बदला. नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

पांडवलेणीच्या सुमारे 200 पायऱ्या महिनाभर सपाटीवर चालल्यावरच. दम चढताना लागतो, गुडघे दुखतात उतरताना. घाईने उतरू नका.

डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी पहाटे पाचचा हट्ट सोडून उन्हं आल्यावर निघावं, पहिली पाच मिनिटं सावकाश चालावं. छातीत दडपण आलं, हातात किंवा जबड्यात कळ आली तर उरलेली फेरी पुरी करत बसू नका. तिथेच बसा आणि 108 ला फोन लावा.