पाणीपट्टी वाढीवर मत देण्याआधी: नगरसेवकाने मागायचे कागद आणि मांडायचा हिशोब

विषयपत्रिकेवर ‘पाणीपट्टी दरवाढीबाबत विचार करणे’ अशी एक ओळ असते आणि सोबत अर्ध्या पानाची टिपणी: वीजबिल वाढलं, तूट आहे, सबब दर वाढवावेत. एवढ्यावर हात वर करू नका, आणि एवढ्यावर विरोधही करू नका. सभेच्या आठवडाभर आधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन पाच कागद मागा: पंपिंगची १२ महिन्यांची वीजबिलं, जलशुद्धीकरण केंद्राचं लॉगबुक, पाटबंधारे खात्याची पाणी आकारणीची बिलं, पाणीपट्टीचा मागणी-वसुली-थकबाकी तक्ता आणि शहराच्या विकास योजनेचा नकाशा. शेवटचा कागद सहसा कुणी मागत नाही. आज ठरवलेला दर पुढे पुरणार की नाही, ते मात्र त्यावरूनच कळतं.

आधी वीज

हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला निव्वळ ०.२७ युनिट लागतं. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ०.४५. जॅकवेलपासून (नदी-धरणाकाठी पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) उंच टाकीपर्यंतची एकूण उचल, पाइपातल्या घर्षणासकट, ८० मीटर असेल तर ०.३६ युनिट पुरायला हवं. आता बिलांवरची वर्षाची युनिटं भागिले वर्षात उचललेलं पाणी (हजार लिटरांत) करून बघा. ०.५ च्या वर उत्तर आलं तर इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय, व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा ऊर्ध्ववाहिनी (पाणी टाकीपर्यंत चढवणारा पाइप) चोंदली आहे. तो खर्च नागरिकांवर टाकण्याआधी पंप तपासून घ्या.

इथे एक फसगत नेहमी होते. लॉगबुकातला पाण्याचा आकडा बऱ्याचदा मोजलेला नसतो. पंप चालल्याचे तास गुणिले पंपाच्या पाटीवरचा प्रवाह, असा काढलेला असतो. जुना पंप तेवढं पाणी देत नाही, म्हणजे प्रत्यक्ष स्थिती कागदापेक्षा वाईट असते. बल्क मीटर (मुख्य पाइपावरचा पाणी मोजणारा मीटर) चालू आहे का, हे केंद्रावर जाऊन डोळ्यांनी पाहा.

बिलावर जोडणी ‘सार्वजनिक पाणीपुरवठा’ वर्गातच आहे ना, तेही तपासा. उच्चदाब जोडणीची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरापलीकडे ओढलेली वीजही धरून होते, त्यामुळे ही जादा ओढ कमी ठेवणारे कपॅसिटर बिघडले की बिल फुगतं. विलंब आकार दर महिन्याला दिसत असेल तर दोष दराचा नाही, वेळेवर बिल न भरण्याचा आहे.

मग हजार लिटरचा भाव

समजा ६,००० नळजोडण्यांचं गाव आहे, रोज ४० लाख लिटर पाणी उचललं जातं आणि वीज, पाटबंधारे खात्याकडून घेतलेलं अशुद्ध पाणी, तुरटी-क्लोरीन, पगार, दुरुस्ती मिळून वर्षाला १ कोटी ४६ लाख खर्च होतो. म्हणजे उचललेल्या हजार लिटरला १० रुपये. यातलं ४० टक्के पाणी गळती आणि बेकायदा जोडण्यांत गेलं, तर घरी पोचलेल्या हजार लिटरला १६ रुपये ६७ पैसे पडतात. गळती २५ टक्क्यांवर आणली की तेच १३ रुपये ३३ पैसे.

वसुलीचंही तसंच. खर्च सगळ्या जोडण्यांवर वाटला तर वर्षाला २,४३३ रुपये येतात. पण चालू मागणीची वसुली ७५ टक्केच होत असेल तर तूट भरायला दर ३,२४४ ठेवावा लागेल, आणि नियमित भरणारा माणूस न भरणाऱ्याचे पैसे भरेल. केंद्र सरकारच्या सेवा मानकांत हिशोबाबाहेरचं पाणी (गळती, बेकायदा जोडण्या वगैरेंत जाणारं) २० टक्के आणि वसुली ९० टक्के धरली आहे. आपलं गाव यापासून किती लांब आहे, हे टिपणीत आलंच पाहिजे.

गळतीची सोपी पहिली चाचणी: रात्री टाकीची आवक-जावक दोन्ही बंद करा, पातळी मोजा, पहाटे पुन्हा मोजा. ५ लाख लिटरच्या, ४ मीटर खोलीच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे १,२५० लिटर. पातळी ६ सेंटिमीटर उतरली तर ७,५०० लिटर टाकीतून किंवा न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून गेले. रस्ता खोदण्याआधी हे बघावं.

मीटर बसवायचे तर टप्प्याटप्प्याचे दर ठेवा आणि पहिला टप्पा कुटुंबाच्या गरजेपुरता स्वस्त असू द्या. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून २४ तास पाणी दिलं. लहान गावाला हे जमतं. पाणी दिवसाआड असताना नुसते मीटर लावले तर नळातली हवा मीटर फिरवते आणि तक्रारी सुरू होतात.

नकाशा उघडा

गावाच्या कडेला १,००० नवे प्लॉट आले, घरटी ५ माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले, तर रोज पावणेसात लाख लिटर जादा पाणी लागेल. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येईल. प्रारूप विकास योजनेत (हरकतींसाठी जाहीर केलेल्या मसुद्यात) तीन गोष्टी शोधा: नवा रहिवास विभाग सध्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंचावर आहे का, नव्या टाकीला आरक्षण (राखून ठेवलेली जागा) आहे का, आणि सांडपाणी केंद्राची जागा उताराच्या बाजूला आहे का. दुमजली घराला रस्त्यावर १२ मीटर दाब लागतो. टेकडीवर वस्ती दाखवली आणि टाकी खाली राहिली, तर बूस्टर पंपाचं बिल कायमचं मागे लागतं.

यात काही चुकलेलं दिसलं तर हरकत नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली द्यायची. नगरपरिषदेसाठी मुदत साधारण ३० दिवस असते, तरी नोटिशीतली तारीखच धरा. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेली हरकत नियोजन समितीपुढे टिकत नाही. गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाची प्रत, नेमका बदल आणि त्याचं कारण द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. आरक्षण पडलं म्हणून निर्धास्त होऊ नका: १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देऊन मालक २४ महिन्यांनंतर ती सोडवून घेऊ शकतो. टाकीच्या जागेसाठी दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद हवी. हद्दीबाहेरची वाढ प्रादेशिक योजनेत येते; शेजारच्या ग्रामपंचायतींना पाणी द्यायचं असेल तर त्यांचा दर ठरावात वेगळा नोंदवा.

ठरावात काय लिहावं

घरगुती, व्यापारी आणि संस्था यांचे वेगळे दर, १ एप्रिल ही लागू होण्याची तारीख, गळती व वसुलीची वर्षाची उद्दिष्टं, आणि कोणत्या कलमाखाली वाढ होते आहे ते. बिलं वाटून झाल्यावर वर्षाच्या मध्येच दर बदलले की वसुली अडते. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो स्थगित करू शकतात. म्हणून हिशोबाचा तक्ता ठरावासोबत जोडा, आणि तुमचं मत वेगळं असेल तर ते इतिवृत्तात नाव घालून नोंदवून घ्या.