लायब्ररीच्या खोलीत वीस माणसांना डॉक्युमेंटरी कशी दाखवायची

न्यू जर्सीत एडिसनजवळच्या आमच्या गावात, पब्लिक लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत, मी गेली सहा वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी एक डॉक्युमेंटरी दाखवते. येणाऱ्यांत निम्मे आपले मराठी, बाकी शेजारपाजारचे. तुमच्या गावात असं काही सुरू करायचं मनात असेल, तर करता करता मला जे कळलं ते सांगते.

फिल्म शोधताना विषय घेऊन निघू नका, माणूस शोधा. 'वंशद्वेष' म्हणून शोधायला बसलात तर भाषणं हाती लागतात. मी सुरुवात केली ती 'हू किल्ड व्हिन्सेंट चिन?' या फिल्मनं. क्रिस्टीन चॉय आणि रेने ताजिमा-पेन्या या दोघींनी ती केली. जून 1982, डेट्रॉइटजवळचं हायलंड पार्क. जपानी गाड्यांमुळे आपले रोजगार गेले, असा राग तिथल्या मोटार-कामगारांत धुमसत होता. 27 वर्षांचा चिनी वंशाचा व्हिन्सेंट लग्नाआधी मित्रांबरोबर बाहेर गेला होता. तिथे भांडण झालं आणि क्रायस्लरचा सुपरवायझर रॉनल्ड एबन्स आणि त्याचा सावत्र मुलगा यांनी त्याला गाठलं. एबन्सनं बेसबॉलच्या बॅटनं त्याचं डोकं फोडलं. चार दिवसांनी तो गेला. शिक्षा काय, तर प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी नुसती देखरेख, आणि प्रत्येकी 3,000 डॉलर दंड. पुढे केंद्रीय खटल्यात एबन्सला 25 वर्षं झाली, पण अपिलात ती रद्द झाली आणि 1987 च्या फेरखटल्यात तो सुटला.

फिल्ममध्ये एबन्स कॅमेऱ्यासमोर शांतपणे बसून आपली बाजू सांगतो, आणि दुसरीकडे व्हिन्सेंटची आई लिली चिन मोडक्यातोडक्या इंग्रजीत, रडत, लोकांसमोर न्याय मागते. मी ती फिल्म तीनदा पाहून मगच दाखवली. तुम्हीही निदान दोनदा, एकट्यानं पाहा. कुठे आपला श्वास अडकतो ते आधी कळलेलं बरं.

ती संपल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सत्तरी ओलांडलेल्या एक काकू म्हणाल्या, "सत्याऐंशी साली मी जर्सी सिटीत होते. पाथ ट्रेनमध्ये चढायच्या आधी कुंकू पुसून टाकायचे." त्या वर्षी तिथे 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळीनं ('डॉट' म्हणजे आपलं कुंकू) भारतीयांना हाकलून लावायची धमकी पत्रातून दिली होती, आणि त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली, त्यातच तो गेला. मंडळाच्या गणपतीत पंचवीस वर्षं आम्ही या काकूंच्या हातचे मोदक खातोय, पण ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. म्हणून पहिली फिल्म निवडताना आपल्या माणसांच्या आठवणीला कुठून वाट मिळेल, ते बघा. दुसऱ्यांची दुःखं त्यानंतर जास्त जवळून दिसतात.

आता हक्कांचं. इथे मी चुकले होते. लायब्ररीतूनच डीव्हीडी घेतली आणि सगळ्यांना आमंत्रणं पाठवली. तीन दिवस आधी लायब्ररीच्या बाईंनी सार्वजनिक खेळाचं लायसन्स विचारलं, ते नव्हतं, कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. घरी पाहायचा हक्क वेगळा, लोकांना जमवून दाखवायचा वेगळा. तिकीट नसलं तरी. घरच्या नेटफ्लिक्सवरूनही चालत नाही, फक्त त्यांच्या काही डॉक्युमेंटरींना शैक्षणिक खेळाची मुभा आहे, ती ज्या-त्या फिल्मसाठी तपासा. बाकीच्यांसाठी वितरकाला ईमेल करा: किती लोक येणार, तिकीट आहे का, जागा कुठली. 'न्यू डे फिल्म्स' ही तर फिल्म करणाऱ्यांनीच चालवलेली सहकारी संस्था आहे. 1972 मध्ये सुरू झालेली 'विमेन मेक मूव्हीज' बायकांच्या फिल्म्स पोचवते. फीसाठी लायब्ररीच्या 'फ्रेंड्स' मंडळींना, म्हणजे लायब्ररीसाठी पैसे उभे करणाऱ्या स्वयंसेवकांना, विचारा, आमच्याकडे तेच देतात. ही फी देताना कुरकुर करू नका. 2025 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, सार्वजनिक प्रसारणाचा दोन वर्षांचा 1.1 अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला. पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवर दिसणाऱ्या कितीतरी स्वतंत्र फिल्म्स त्याच पैशांतून उभ्या राहत होत्या. तुमची फी फिल्म करणाऱ्या माणसांपर्यंत पोचते.

वेळ आधी बघा. आमची लायब्ररी नऊला बंद होते, म्हणून साडेसहाला सुरू आणि फिल्म दीड तासाच्या आतली. 'हूप ड्रीम्स' मला जिवापाड आवडते, पण ती जवळजवळ तीन तासांची आहे, ती शनिवारी दुपारी दाखवा. कॅप्शन्स नेहमी चालू ठेवा. केंटकीच्या खाणकामगारांच्या संपावरची 'हार्लन काउंटी, यूएसए' दाखवली तेव्हा तिथले उच्चार इथे जन्मलेल्या मुलांनाही कळत नव्हते. लॅपटॉपचा आवाज मागच्या रांगेला पोचत नाही, स्पीकर घेऊन जा. व्हीलचेअर आत येते का, ते स्वतः दारापर्यंत चालत जाऊन बघा.

खुर्च्या अर्धगोल मांडा. फिल्म संपली की दिवे लगेच लावू नका, दोन मिनिटं तशीच जाऊ द्या. "कशी वाटली?" विचारलंत की "छान होती" मिळतं आणि बोलणं तिथेच थांबतं. मी विचारते, "कुठलं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे?" यावर गप्प बसणारी माणसंही बोलतात. कोणी लांबण लावली तर त्यांचं नाव घेऊन आभार माना आणि शेजारच्याकडे वळा, वयानं मोठे असले तरी.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. खोलीत एखादाच काळा किंवा मेक्सिकन शेजारी असेल, तर "तुमच्यात असंच असतं का?" हे त्याला विचारू नका, कुणाला विचारूही देऊ नका. एकदा हे माझ्यासमोर घडलं आणि मी वेळेवर बोलले नाही. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. आता चहा-चिवडा मांडायच्या आधी मी हे सगळ्यांना स्पष्ट सांगते.

चहा मात्र फिल्मनंतरच. कप हातात आला की माणसं दोघं-दोघं उभी राहून बोलतात, आणि सगळ्यांसमोर जे राहून गेलं ते तिथे निघतं. किल्ली परत करताना पुढची तारीख तिथल्या तिथे नोंदवून घ्या, महिन्याभरानं विचारलंत तर खोली मिळत नाही.