वेढ्यातली माणसे: युद्धकालीन ऐतिहासिक कादंबरीतील पात्रे कशी उभारावीत

युद्धावरची ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली की बहुतेक लेखकांचा हात प्रथम सेनापतीकडे जातो, कारण त्याच्याविषयीचे कागद सर्वांत जास्त सापडतात. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. ज्याच्याविषयी कागद नाहीत, त्या शिपायाला त्या दिवशी काय खायला मिळाले आणि त्याला काय ठाऊक होते, एवढ्या दोन प्रश्नांपासून पात्र बांधायला घ्यावे. हे कसे करायचे ते मी एकाच उदाहरणावरून सांगतो. ते उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत-अल-अमारा या गावाला तुर्कांनी घातलेला वेढा. हा वेढा 7 डिसेंबर 1915 रोजी सुरू झाला आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागतीने संपला. तिथे अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन असे होते आणि तिच्यात 103, 110 व 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. असे असूनही मराठी कादंबरीला हा विषय फारसा खुणावत नाही, याचे मला नवल वाटते.

पात्राला नाव देण्यापूर्वी एक वही करावी आणि तिच्यात वेढ्याच्या प्रत्येक आठवड्याला एक पान द्यावे. त्या पानावर शिधा किती उरला, टायग्रिस नदीचे पाणी कुठवर चढले आणि कोणती पलटण कुठे होती, एवढेच लिहावे. कुत हे गाव नदीच्या वळणात वसलेले असल्यामुळे त्याला तीन बाजूंनी पाणी होते. 103 मराठाचे शिपाई ईशान्येकडील मातीच्या किल्ल्यात होते आणि 24 डिसेंबरचा तुर्कांचा मोठा हल्ला त्यांनी ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर झेलला. पलीकडच्या तीरावर लोकर दाबून गठ्ठे बांधण्याचा कारखाना असलेले एक खेडे होते. ते राखणाऱ्या तुकड्यांत 110 मराठाचे लोक होते. नकाशा समोर असला की किल्ल्यातील शिपाई आणि पलीकडच्या तीरावरचा त्याचा मावसभाऊ रोज संध्याकाळी विडी ओढत बसू शकत नाहीत, हे आपोआप कळते. त्या दोघांमधली नदी हाच मग कथेतला ताण होतो.

त्यानंतर वय ठरवावे, आणि ते हिशेब करून ठरवावे. 1915 मध्ये बावीस वर्षांचा असलेला साताऱ्याकडचा शिपाई 1893 च्या सुमारास जन्मलेला असणार. म्हणजे 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळात तो सहा-सात वर्षांचा होता. उपासमार त्याला कुतमध्ये पहिल्यांदा भेटत नाही, तो तिला लहानपणापासून ओळखतो. ही एक गोष्ट हाती लागली की त्याच्या स्वभावाचा अर्धा भाग ठरतो: तो भाकरीचा तुकडा खिशात राखून ठेवील, आणि शेजारच्या मुंबईकर पोराला ते कंजूषपणाचे वाटेल. पगाराचेही तसेच आहे. त्या काळी शिपायाला महिना 11 रुपये मिळत, त्यामुळे कर्ज, बैल आणि बहिणीचे लग्न यांचा विचार तो याच आकड्यात करणार.

भरतीचे नियम न पाहता पात्रांची जात ठरवणे ही चूक मी अनेक हस्तलिखितांत पाहिली आहे. मराठा पलटणींत देशावरचे आणि कोकणातले मराठे होते, तसेच दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. म्हणून पात्रांत मराठी बोलणारा मुसलमान नाईक नसेल तर चित्र अपुरे राहते. याउलट 1915 मध्ये बंदूकधारी महार शिपाई दाखवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची लढाऊ भरती बंद करण्यात आली होती आणि 111 महार ही पलटण उभी राहिली ती 1917 मध्ये. मात्र दापोली-खेडकडच्या एखाद्या महार पेन्शनर सुभेदाराचा मुलगा, बापाची पदके पेटीत असूनही ज्याला भरतीच्या दारातून परत पाठवले जाते, असे पात्र गावाकडच्या प्रकरणांत आणता येते, आणि ते ताकदीचे होईल.

आता पोटाकडे येतो, कारण या वेढ्याचे खरे नाट्य तिथेच आहे. धान्य सरत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, बहुसंख्य हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे नाकारले. धर्मगुरूंची संमती मिळाल्याचे हिंदुस्थानातून बिनतारी संदेशाने कळवण्यात आले, तरी पुष्कळांचा नकार कायम राहिला, कारण भीती देवाची कमी आणि गावाची जास्त होती: परत गेल्यावर पंगतीला कोण बसवील आणि मुलगी कोण देईल? याचे परिणाम शरीरावर दिसू लागले. ताजे मांस आणि भाजी न मिळाल्यामुळे हिंदी शिपायांच्या हिरड्या स्कर्व्हीने सुजल्या, तर पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी या कुपोषणाच्याच रोगाने गाठले. लेखकाने इथे घाई करू नये. एकाच तंबूत तीन माणसे ठेवावीत. एक जण पहिल्याच दिवशी मुकाट्याने मांस खातो, दुसरा शेवटपर्यंत खात नाही, आणि तिसरा रात्री चोरून खातो आणि सकाळी दुसऱ्याच्या नजरेला नजर देत नाही. माझ्या दृष्टीने कादंबरी या तिसऱ्याची आहे. त्यातला एखादा कोकणातला असेल, तर तो नदीकाठचा रानपाला खुडताना टाकळा आणि कुर्डू शोधील, सापडणार नाहीत, आणि अनोळखी पाला हातात धरून तो विषारी तर नाही ना याचा अंदाज घेत उभा राहील. शिपाई पाला खुडत होते आणि तो कधी कधी विषारी निघत होता, हे इतिहासात नोंदलेले आहे. टाकळ्याची आठवण तेवढी आपली.

असा तपशील संवादात कसा उतरवावा, याचा एक नमुना देतो. मार्च 1916 मध्ये धान्य दळण्यासाठी जात्याचे दगड विमानातून वेढ्यात टाकण्यात आले होते. हे वाक्य वाचले तेव्हा मी लिहायचा थांबलो होतो. आपला शिपाई ते पाहत असेल तर?

«पाखरावानी आलं अन् दगुड टाकून ग्येलं,» धोंडी म्हणाला.
«जात्याचा दगुड हाय त्यो. खुंट्याचं भोक बघ की.»
धोंडी जवळ गेला, भोकात बोट घालून उभा राहिला. «आये दळायची तवा म्या तिच्या मांडीवर निजायचो,» तो म्हणाला, आणि बोट काढायचे विसरला.

इथे युद्धाविषयी एक शब्दही नाही, आणि मला तो नकोच होता. भाषेबाबत एवढेच सांगतो की सातारी धोंडी «न्हाई» म्हणेल आणि रत्नागिरीचा त्याचा सोबती «नाय» म्हणेल. हुकूम मात्र दोघांच्याही कानी हिंदुस्थानीतून पडतील. सुभेदाराशी बोलताना दोघेही «साहेब» म्हणतील, आणि त्याच्या पाठीमागे काय म्हणतील ते लेखकाने ठरवावे. निवेदन प्रमाण भाषेत असले तरी चालते, पण शिपायाच्या तोंडी अग्रलेख घालू नये.

दुसरा प्रश्न माहितीचा. माझ्या पहिल्या खर्ड्यात हवालदाराला जानेवारीत बायकोचे पत्र येते असा प्रसंग होता आणि मला तो फार आवडला होता. एका मित्राने विचारले की वेढा पडल्यावर टपाल आले कोणत्या वाटेने? प्रसंग काढावा लागला. मग लक्षात आले की पत्र न येणे हीच अधिक मोठी गोष्ट आहे, कारण डिसेंबरमध्ये आलेले शेवटचे पत्र माणूस एप्रिलपर्यंत पुन्हा पुन्हा वाचून घेत असणार, आणि स्वतःला वाचता येत नसेल तर वाचून दाखवणारा मरण पावल्यावर ते पत्र मुके होते. याच्या उलट मोह टिळकांचा होतो. 28 एप्रिल 1916 रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली आणि दुसऱ्याच दिवशी कुत पडले. हा योगायोग लेखकाला ठाऊक आहे, खंदकातल्या शिपायाला नाही. तो वापरायचाच असेल तर बेळगावातल्या एखाद्या पात्राच्या बाजूने वापरावा.

खऱ्या व्यक्ती दुरूनच दाखवाव्यात. वेढ्यातल्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड सैनिकांसाठी निवेदने काढत असत. ते निवेदन मराठीत समजावून सांगणारा जमादार कोणते वाक्य गाळतो, यातून जनरल आणि जमादार दोघेही उभे राहतात. शरणागतीनंतर टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि साधे कैदी वाळवंटातून रेल्वेच्या कामावर चालत गेले. हा विरोध इतका उघड आहे की त्यावर निवेदकाने भाष्य केले तर तो पातळ होतो. तुर्कांची बाजूही रिकामी सोडू नये, पण तुर्की सेनापती खलील पाशांच्या मनात शिरण्यापेक्षा समोरच्या खंदकातला अनातोलियाचा शेतकरी सोपा आणि खरा वाटेल. भिस्ती, मेहतर आणि डोलीवाले यांना शिपायांच्या यादीत जागा नसते, तुमच्या यादीत ती द्यावी. गावात अडकलेल्या सुमारे सहा हजार अरब रहिवाशांपैकी निदान एक घर हवेच, कारण शरणागतीनंतर तुर्कांनी त्यांच्यातल्या काहींना फाशी दिले आणि ते भय शेवटच्या आठवड्यात त्या घरात वावरत असणार.

नाव सर्वांत शेवटी द्यावे. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण साध्या शिपायांची पलटणवार फक्त संख्या कोरलेली आहे. आपल्याकडे सातारा-रत्नागिरीच्या अनेक गावांत संगमरवरी पाटी आहे. या गावातून किती माणसे 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेली आणि किती परत आली नाहीत, एवढेच तिच्यावर असते. अशा एखाद्या गावात जावे, पाटीवरचा दुसरा आकडा वहीत लिहून घ्यावा आणि देवळाच्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारावे की त्यांच्या आज्याच्या पिढीत पोरांची नावे काय ठेवत असत.