मेटलर्जीच्या पोरांचा सस्टेनेबिलिटी प्रोजेक्ट कुठे फसतो: या चुका टाळा

आधी एक गंमत सांगतो. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओततात त्या कारखान्यात, जिला ग्रीन सॅन्ड म्हणतात तिचा पर्यावरणाशी काडीचा संबंध नाही, ग्रीन म्हणजे ओली, न भाजलेली, बेन्टोनाइट (कण धरून ठेवणारी चिकणमाती) आणि कोल डस्ट (कोळशाची पूड) घातलेली वाळू, बस्स. पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या स्टुडंट चॅप्टरच्या पहिल्याच पोस्टरवर आम्ही या शब्दाशेजारी झक्कास हिरवं पान काढलेलं, आणि बघायला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "हे पान कसलं?" तिथून पुढं जे जे चुकत गेलं ते लिहितोय, कारण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजातली पोरं हाच प्रोजेक्ट घेतात आणि त्याच खड्ड्यात पडतात.

प्रोजेक्ट असा: कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव भागात भरपूर फाउंड्र्या आहेत. वाळू पुन्हा पुन्हा वापरतात, पण वितळलेल्या धातूच्या उष्णतेनं बेन्टोनाइट मरतं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, बारीक धूळ साठत जाते, म्हणून थोडी जुनी वाळू सारखी काढून टाकावी लागते. त्या टाकाऊ वाळूचे पेव्हर ब्लॉक करायचे. कागदावर एकदम भारी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "वाळू ती वाळू" समजणं. साच्याची ग्रीन सॅन्ड वेगळी आणि कोअरची (कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात त्या तुकड्याची) रेझिन लावलेली वाळू वेगळी, शेकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना, दोन्ही एकाच ढिगात पडतात आणि आपण फावडं घालून गोणी भरतो. आमच्या तीन गोण्यांतून तीन तऱ्हेचे ब्लॉक निघाले, एकाला तर नखानं खरवडलं तरी कण सुटायचे! तुमचंही तसं होत असेल तर सिमेंटला शिव्या देऊ नका, आधी एलओआय (लॉस ऑन इग्निशन, म्हणजे तापवल्यावर किती वजन घटतं ते) काढा: वाळवलेलं, तोललेलं सॅम्पल मफल फर्नेसमध्ये (लॅबची छोटी विजेची भट्टी) 900 डिग्रीच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, जितकं वजन घटलं साधारण तितकी कोल डस्ट, रेझिन वगैरे जळून गेली. सोबत क्ले वॉश करा, म्हणजे वाळू धुऊन माती वेगळी काढा, 20 मायक्रॉनपेक्षा बारीक माती किती ते कळतं. ही माती पाणी पिते. आम्ही नदीच्या वाळूच्या जागी थेट 50 टक्के वेस्ट सॅन्ड घातली, मिक्स घट्ट झालं, मग कुणीतरी मगानं पाणी ओतलं, झालं, ताकदीचे बारा वाजले. 10 टक्क्यांपासून चालू करा, पाणी तोलून घाला, आणि पूर्ण नैसर्गिक वाळूचे ब्लॉक शेजारी ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि हो, 7 दिवसांच्या ताकदीच्या रिझल्टवर बक्षीस घेऊ नका. आम्ही घेतलं. 28 दिवसांचे आकडे आले तेव्हा ट्रॉफी एचओडींच्या कपाटात बसलेली. पेव्हरसाठी आयएस 15658 हे भारतीय स्टँडर्ड आहे, तो उघडून बघा, त्यातली ग्रेड 28 दिवसांच्या ताकदीवर ठरते. ब्लॉक पावसात भिजणार असेल तर त्यातून पाण्यात काय उतरतं ती लीचिंग टेस्टही लागते. ती बाहेरच्या लॅबमध्ये करावी लागते, पैसे जातात, तरी करा.

कोरडी वाळू हॉस्टेलच्या गच्चीवर तोंडाला रुमाल बांधून चाळायची नाही. बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. एन 95 मास्क घाला, वाळू चाळण्याआधी ओव्हनमध्ये वाळवली असेल तर जास्तच जपा. पर्यावरण वाचवायला निघालेल्या पोरांना हे सांगावं लागतं, काय करणार!

आता कार्बनचं गणित. आम्ही त्या मफल फर्नेसच्या पाटीवरचे साडेतीन किलोवॅट गुणिले तास केले आणि भलामोठा आकडा छापला. पण फर्नेस एकदा सेट तापमानाला पोचली की रिले टिक-टिक करत चालू-बंद होतो, पूर्ण वीज सतत घेतच नाही. साधा एनर्जी मीटर लावा, युनिट वाचा, आपल्या ग्रिडला एका युनिटमागं साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. वाळू टेम्पोनं पुण्यापर्यंत आणली ते डिझेलही मोजा, सव्वादोनशेच्या वर किलोमीटर होतात. आम्ही ते मोजलंच नव्हतं, मोजलं असतं तर ब्लॉक कोल्हापुरातच करायची अक्कल आली असती.

लीडरशिपचं म्हणाल तर आमच्या कमिटीत अकरा पदं होती आणि चाळणी धरायला दोघं. प्रेसिडेंटनं कंपनीच्या हेड ऑफिसला इंग्रजीत लांबलचक मेल टाकला, महिनाभर उत्तर नाही. शेवटी आमच्यातली एक मुलगी, जिला काही पद नव्हतं, थेट शिफ्ट सुटायच्या वेळी सॅन्ड प्लांटच्या सुपरवायझर काकांना गेटवर भेटली, चहा पाजला, आणि काकांनी रोजचं रजिस्टरच समोर ठेवलं, मॉइश्चर, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते ते), एलओआय सगळं तारखेनिशी. वर म्हणाले, "वाळू न्या हो पोरांनो, पण कुठल्या दिवसाची नेताय ते लिहून तरी ठेवा की." आम्ही गोणीवर तेवढंही लिहिलं नव्हतं. तोंडी परवानगीवर मात्र गोण्या उचलू नका, वेस्ट सॅन्डची विल्हेवाट कशी लावायची हे फाउंड्रीला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटींप्रमाणे बघावं लागतं, तेव्हा मॅनेजमेंटकडून लेखी घ्या आणि त्यांचे आकडे पोस्टरवर छापायच्या आधी विचारा.

मे महिन्यात फायनल इयर गेलं आणि प्रोजेक्ट तिथंच संपला, कारण मिक्सचं प्रमाण एकाच्या फोनमध्ये आणि तो गेला बेंगळुरूला. म्हणून सेकंड इयरची दोन पोरं पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आणि एक्सेल असू दे, पण लॅबमध्ये एक जाड वहीही ठेवा, लॅब असिस्टंट मामांच्या ताब्यात. कमिट्या बदलतात, मामा तिथंच असतात.

गेल्या महिन्यात ज्युनियरचा फोन आला. कपाटामागं आमची एक गोणी सापडली, तारीख नाही, नाव नाही, वापरू का? म्हटलं, आधी एलओआय काढ, मग बोलू.